तारण टिकतं कशावर?

रविवारची उपासना संपते, चहाचे कप हातात येतात आणि एखादा तरुण पाळकांना बाजूला घेऊन विचारतो, "पास्टर, एकदा झालेलं तारण परत जाऊ शकतं का?" जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबं मूठभर आहेत, पण हा प्रश्न साऱ्या ख्रिस्ती जगाचा आहे. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सहसा कुणीतरी ठरावीक माणूस असतो. दहा वर्षं मंडळीत पेटी वाजवणारा आणि आता दारूपायी घराबाहेर पडलेला भाऊ असतो, किंवा लग्नानंतर प्रार्थना सोडलेली बहीण असते. पुष्कळदा तो स्वतःबद्दलच विचारत असतो.

या प्रश्नाची दोन उत्तरं मराठी मंडळ्यांत कानावर येतात. पहिलं म्हणतं, एकदा तारण झालं की कायमचं झालं. देवाने दिलेलं देव परत घेत नाही. दुसरं म्हणतं, शेवटपर्यंत टिकेल त्याचंच तारण. मध्ये वाट सोडणाऱ्याला आधीचा विश्वास कामाला येत नाही. दोन्ही बाजू पवित्र शास्त्र उघडूनच बोलतात. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की त्याची मेंढरं त्याच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मरणापासून आकाशातल्या सत्तांपर्यंत सारी यादी देतो आणि यातलं काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही असं ठासून सांगतो. उलट इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय वाचताना भल्याभल्यांचा आवाज खाली येतो. प्रकाश मिळालेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले लोक पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं तिथे लिहिलं आहे. रोमकरांना धीर देणारा पौलच करिंथकरांना लिहिताना, इतरांना उपदेश करून आपण स्वतः अपात्र ठरू नये म्हणून शरीराला कसं वठणीवर ठेवतो ते सांगतो. एकाच लेखणीतून दोन्ही सूर निघतात. म्हणून निवडक वचनांची यादी पुढे करून हा वाद मिटत नाही, आणि तसा तो मिटवू पाहणाऱ्यांनी आजवर माणसांना घाबरवलं तरी आहे, नाहीतर निर्धास्त तरी केलं आहे.

मरणानंतर आपलं काय, हा घोर जुन्नरच्या डोंगरांनी फार पूर्वीपासून पाहिला आहे. मानमोडीच्या लेण्यांतले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख वाचले तर दानांची नोंदवही उघडल्यासारखं वाटतं. कोणी पाण्याचं टाकं खोदून दिलं, कोणी शेत दिलं आणि त्याच्या उत्पन्नातून करंजाची झाडं लावावीत असं कोरून ठेवलं, कोणी बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे कायमची ठेव ठेवली. दात्यांमध्ये यवनही आहेत. पुण्य करावं, त्याची नोंद राहावी, ते पुढे कामाला यावं, ही माणसाची फार खोल आणि आदर करण्यासारखी इच्छा आहे. याच तालुक्यात ओतूरला चैतन्य महाराजांची समाधी आहे. तुकोबांना स्वप्नात उपदेश करणारे बाबाजी चैतन्य ते हेच, असं तिथली परंपरा मानते. म्हणजे पुण्याच्या हिशोबाबरोबर कृपेची भाषाही इथे होतीच. दयाळू देव आपण होऊन भक्ताला जवळ घेतो, ही गोष्ट या पट्ट्यातल्या माणसाला कोणा परदेशी माणसाने येऊन शिकवायची नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक, मालेगाव यांच्याबरोबर जुन्नरलाही आपलं ठाणं केलं. ही अँग्लिकन मंडळींची संस्था. तिच्या पाठीशी १५७१ साली पक्के झालेले एकोणचाळीस धर्मनियम होते आणि आपल्या प्रश्नाशी त्यातल्या दोहोंचा थेट संबंध आहे. सोळावा नियम सांगतो की पवित्र आत्मा लाभल्यावरही माणूस कृपेपासून दूर जाऊन पापात पडू शकतो आणि देवाच्या कृपेने पुन्हा उठूही शकतो. सतरावा सांगतो की देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच आपले लोक निवडले आहेत आणि या निवडीचा विचार भक्तिमान माणसाला गोड दिलासा देतो, पण नुसत्या चौकस आणि देहाधीन माणसाला तो धोक्याचा आहे. एक नियम पडण्याची शक्यता मान्य करतो, पुढचाच नियम देवाच्या अढळ निवडीची ग्वाही देतो, आणि दोहोंची सांगड कशी घालायची ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. मला हा त्या नियमांचा दोष वाटत नाही. शास्त्र जिथे दोन्ही गोष्टी सांगतं तिथे त्यांनी दोन्ही सांगितल्या.

इतरांनी मात्र गाठ सोडवायचा प्रयत्न केला. पाचव्या शतकात ऑगस्टीनने शेवटपर्यंत टिकून राहणं हीसुद्धा देवाचीच देणगी ठरवली, पण ती आपल्याला मिळाली आहे की नाही हे या आयुष्यात कोणाला खात्रीने कळत नाही, असंही बजावलं. रोमन कॅथलिक मंडळी साधारण याच वाटेने गेली. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट केलं की आशा पक्की धरावी, पण आपण अखेरपर्यंत टिकणारच अशी निश्चिती कोणी मिरवू नये. माणूस गंभीर पापाने कृपा गमावू शकतो आणि प्रायश्चित्ताच्या संस्काराने ती पुन्हा मिळवू शकतो. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत आजही हीच शिकवण आहे. कॅल्विनच्या परंपरेने उलट टोक धरलं. हॉलंडमध्ये अर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये आपली पाच कलमं मांडली तेव्हा विश्वासणारा कायमचा पडू शकतो की नाही हा प्रश्न त्यांनी उघडाच ठेवला होता, शास्त्र आणखी तपासावं लागेल म्हणून. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने तो बंद केला: खरा विश्वासणारा पडतो, रडतो, पण कायमचा हरवत नाही. इंग्लंडच्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रिकेने हेच उचललं आणि एक मोलाची भर घातली. तारण असणं वेगळं आणि त्याची मनाला खात्री असणं वेगळं. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते. पुढे जॉन वेस्लीने नेमकं उलटं शिकवलं. आज, या क्षणी माझ्या पापांची क्षमा झाली आहे याची खात्री माणसाला मिळते आणि मिळावीच, पण उद्याची हमी आजच्या विश्वासात नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांतही असाच वाद झाला आणि तो समजायला ख्रिस्ती वाचकाला सोपा आहे. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून बसतं, मांजरीचं पिल्लू मात्र आईच मानेला धरून नेते. भक्त कोणत्या पिल्लासारखा, यावर वडकलै आणि तेन्कलै असे दोन पंथ झाले. रुडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकात ख्रिस्ती कृपेची आणि या भक्तिमार्गांची तुलना केली ती याच साम्यामुळे.

महाराष्ट्रात हे सगळे मतप्रवाह वेगवेगळ्या बोटींनी उतरले. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक आणि मुंबई-पुण्यात काम केलेले स्कॉटिश मिशनरी कॅल्विनच्या वळणाचे होते. १८८२ मध्ये भगवी वस्त्रं घालून आलेली मुक्तिफौज वेस्लीच्या वळणाची; तारणात राहणं हे आज्ञाधारक विश्वासात सातत्याने राहण्यावर अवलंबून आहे, असं तिच्या तत्त्वांतच लिहिलेलं आहे. मेथडिस्ट आणि बुलढाण्याकडे आलेले नाझरीन याच बाजूचे. ब्रदरेन आणि बरेचसे बाप्तिस्त कायमच्या तारणाच्या बाजूचे. नगरच्या एखाद्या खेड्यात एका घराने एक मिशन धरलं आणि शेजारच्या घराने दुसरं, तर दोन्ही घरांत पोरं तीच गाणी म्हणत मोठी झाली, पण तारण टिकतं का याचं उत्तर मात्र दोन घरांत दोन निघालं. विश्वासाची तत्त्वं गावकऱ्यांनी निवडली नव्हती. ज्या मिशनची शाळा जवळ होती त्यांची तत्त्वं त्यांच्या वाट्याला आली.

हा प्रश्न मराठी माणसाने स्वतःच्या जिवावर झेलला तो पंडिता रमाबाईंमध्ये. त्यांच्याकडे थांबल्याशिवाय कोणताही आढावा पुरा होणार नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे घर सोडून तीर्थांतून फिरत राहिले. पुराणं सांगायची, दानधर्म करायचा, उपासतापास करायचे, देव प्रसन्न होईल म्हणून जे जवळ आहे ते देऊन टाकायचं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात वडील गेले, मग आई, मग बहीण. पोटात अन्न नसताना धर्माचं सगळं काटेकोरपणे पाळणारं ते कुटुंब होतं. पुण्याच्या हिशोबाची बाजू या बाईने शेवटच्या दमडीपर्यंत भरून पाहिली होती, हे विसरून तिच्या पुढच्या आयुष्याकडे पाहता येत नाही.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटिजला रमाबाईंनी मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. त्यांना ख्रिस्ती धर्माकडे आणण्यात नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. गोरे स्वतः काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे अँग्लिकन पंथातल्या उच्च परंपरेकडे गेले. त्यांच्याइतका तीक्ष्ण बुद्धीचा ख्रिस्ती तर्कपंडित त्या काळात भारतात क्वचितच असेल, आणि तरीही शंकांनी त्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही. विश्वास होता, शांती नव्हती. वेस्टमिन्स्टरच्या पत्रिकेतला भेद गोऱ्यांच्या चरित्रात चालता-बोलता दिसतो. मनाची खात्री हीच तारणाची खूण मानली तर गोऱ्यांसारख्या माणसाला आपण बाहेर काढू, आणि ते मला मान्य नाही.

रमाबाईंनाही बाप्तिस्म्यानंतर शांती मिळाली नाही. वाँटिजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्य, चर्चचा अधिकार, पंथांचे नियम यांवर खणखणीत प्रश्न विचारताना दिसतात. विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन करायला त्या तयार नव्हत्या. मग १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र पडलं. हॅस्लम चर्चचा धर्मगुरू असूनही आतून रिकामा होता आणि स्वतःचा उपदेश चालू असताना त्याला जाग आली. रमाबाईंना त्यात स्वतःचं चित्र दिसलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे १९०७ साली आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. ज्या गोष्टीने त्यांचं ओझं उतरलं ती त्यांच्या शब्दांत साधी आहे: देव माझ्या लायकीची वाट पाहत थांबत नाही. दुष्काळात सगळं देऊन टाकलेल्या घरातल्या बाईला हे वाक्य काय वाटलं असेल! स्त्रीला, शूद्राला मोक्षाची वाट सरळ नाही असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. इथे वाट आज, आत्ता मोकळी होती.

या ठिकाणी कायमच्या तारणाचा वाद एकदम वेगळा दिसू लागतो. १८८३ मध्ये रमाबाईंचं तारण झालं होतं का? झालं असेल तर १८९१ मध्ये काय झालं? नसेल झालं तर मधल्या काळात शारदा सदन उघडणाऱ्या, विधवांना आसरा देणाऱ्या, पुण्यात टीकेचा मारा सोसणाऱ्या रमाबाई कोण होत्या? तारीख लावण्याची आपल्या साक्षीसभांतली सवय इथे अपुरी पडते. "अमुक तारखेला माझं तारण झालं" असं सांगणाऱ्यांची साक्ष खोटी नसते, पण देव आपलं काम तारखेच्या आधी सुरू करतो आणि नंतरही चालू ठेवतो.

पुढे केडगावला रमाबाईंचं मुक्ती सदन उभं राहिलं, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली तिथे आल्या, आणि जून १९०५ मध्ये तिथे ती प्रसिद्ध जागृती सुरू झाली. मुली रात्र-रात्र प्रार्थना करत, पापं मोठ्याने कबूल करत, रडत, मग आनंदाने गात. त्याच सुमारास वेल्समध्येही अशीच जागृती सुरू होती. केडगावला काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी पुढच्याच वर्षी तिथल्या जागृतीवर पुस्तिका लिहिली आणि केडगावचं नाव जगभर गेलं. त्या घटनेतून आलेलं एक वळण मात्र आजच्या मंडळ्यांना जड जातं. अन्य भाषांत बोलणं, अश्रू, अंगात उसळणारी ऊब यांनाच तारणाचा दाखला मानणारा माणूस ऊब ओसरली की घाबरतो आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून पश्चात्ताप करत राहतो. मला स्वतःला केडगावची दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते. जागृतीनंतर तिथे वर्षानुवर्षं चाललेलं काम पाहा: हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाई मराठीत बायबल उतरवत होत्या, आणि दुष्काळातून आलेल्या, बाराखडी तिथेच शिकलेल्या मुली टाइप जुळवत होत्या, छापत होत्या, बांधणी करत होत्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला वारल्या. हे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. टिकून राहणं म्हणजे काय ते त्या छापखान्यात समजतं.

नारायण वामन टिळकांनी याच प्रश्नाकडे भक्तीच्या बाजूने पाहिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. ज्या पुलाचं एक टोक ओतूरकडे जातं तो पूल जुन्नरच्या वाचकाला परका वाटू नये. टिळकांच्या गाण्यांत तारण हा निकाल कमी आणि नातं जास्त आहे, आणि नात्यात "मी अजून तुझा आहे का?" हा प्रश्न भीतीने विचारला जात नाही, प्रेमाने विचारला जातो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार उभा केला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या शिष्यांसाठी. मंडळीच्या वहीत नाव आहे की नाही यावर ख्रिस्ताचा माणूस ठरवायला ते तयार नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर सिद्धान्ताच्या दारातून आल्याच नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, या एका प्रश्नावर त्या अडल्या आणि माणसाने, हे मनाला पटल्यावर त्यांच्या पाण्या-जेवणाच्या भिंती पडल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं की त्यांच्यात झालेला बदल किती संथ, किती घरगुती आणि किती पक्का होता.

१९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्तिस्त, ब्रदरेन, ब्रिटिश मेथडिस्ट असे प्रवाह एका मंडळीत आले. म्हणजे तारण कायमचं मानणारे आणि तसं न मानणारे एकाच प्रभुभोजनाच्या मेजाशी बसू लागले. अमेरिकन मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. हा एकोपा करताना शिकवणीतला हा भेद मिटवण्याची अट कोणी घातली नाही, आणि मला तो मोठा शहाणपणा वाटतो.

आता एक नाजूक गोष्ट, जी टाळली तर आढावा खोटा ठरेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना ही अट नाही, त्यामुळे जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत हा पेच नाही. पूर्वेकडच्या गावांतला दलित ख्रिस्ती बाप मात्र मुलाच्या शिक्षणासाठी कागदावर एक आणि रविवारी दुसरा असू शकतो. माणसांपुढे मला नाकारणाऱ्याला मीही पित्यापुढे नाकारीन, हे येशूचं बोलणं त्याने ऐकलेलं असतं. त्याचं तारण गेलं का?

मंडळीने हा प्रश्न एकदा सोडवला आहे. २५० साली रोमन सम्राट डेसियसने सर्वांनी देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी बळी न देता लाच देऊन नुसता दाखला मिळवला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यापुढे ही माणसं परत आली. नोव्हेशियनचा गट म्हणाला, यांना दार बंद. सिप्रियनच्या सभेने २५१ मध्ये ठरवलं की नुसता दाखला घेतलेल्यांची प्रत्येकाची परिस्थिती तपासून त्यांना सामावून घ्यावं, बळी दिलेल्यांनी दीर्घ पश्चात्ताप करावा. आणि पुढे नवा छळ येणार असं दिसताच त्यांनाही आत घेतलं. मंडळीने पाप लहान मानलं नाही आणि दारही लावलं नाही. आपल्याकडच्या दाखल्याची तुलना त्या दाखल्याशी तंतोतंत होत नाही. इथे मूर्तीपुढे बळी नाही, इथे अन्याय्य कायद्यामुळे दोन्हीकडून कोंडी आहे. म्हणून अशा बापाला मंडळीतून हुसकावणाऱ्यांनी आधी त्या कायद्याविरुद्ध उभं राहावं, मग त्याच्या विश्वासाची मोजदाद करावी.

मी स्वतः या वादात कायमच्या तारणाच्या बाजूला आहे, पण ते पावतीसारखं खिशात घालून फिरणाऱ्यांच्या बाजूला नाही. तारण धरणाऱ्याच्या हातावर टिकतं, आणि धरणारा देव आहे. इब्री पत्रातले इशारे हे त्याच हाताचे कठोर स्पर्श आहेत; ते ऐकून थबकणारा माणूस धरलेला आहे म्हणूनच थबकतो. ज्याला आपण घसरलो की काय याची धास्ती वाटते त्याला तो सहावा अध्याय दाखवून मोडणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. तो अध्याय छळाला कंटाळून जाणूनबुजून पाठ फिरवायला निघालेल्यांना लिहिलेला होता, आणि त्याच लेखकाने नवव्या वचनात त्यांनाच उद्देशून, तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे, असं म्हटलं आहे. उपदेशात चौथ्या वचनापासून सहाव्यापर्यंतच वाचून थांबणारे पाळक मी ऐकले आहेत. बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने हा उतारा निदान बाराव्या वचनापर्यंत एका दमात वाचून घ्यावा, आणि रोमकरांचा आठवा अध्याय त्याच तासाला उघडावा.